चिठ्ठीशिवाय मिळणारी दाहशामक वेदनाशामके: प्रथमच घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

डोकेदुखी, दाढदुखी, मुरगळलेला घोटा, पाळीच्या दिवसांत ओटीपोटात येणारी कळ अशा नेहमीच्या दुखण्यांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांत दाहशामक वेदनाशामकांचा वाटा मोठा असतो. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि ॲस्पिरिन ही या गटातील सर्वपरिचित नावे होत. डायक्लोफेनॅक अनेक देशांत जेलच्या स्वरूपात चिठ्ठीशिवाय मिळते. त्याच्या गोळ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी चिठ्ठी लागते. पॅरासिटामॉल या गटात मोडत नाही. ते ताप आणि वेदना कमी करते, पण सूज फारशी उतरवत नाही, आणि त्याचे धोकेही वेगळे, मुख्यतः यकृताशी निगडित आहेत. दोन्हींना सरसकट ‘दुखण्याची गोळी’ म्हटले जात असल्यामुळे हा फरक आरंभीच लक्षात ठेवलेला बरा.

चिठ्ठी लागत नाही याचा अर्थ एवढाच की ठरावीक मात्रेत, थोडे दिवस आणि प्रकृती ठीक असलेल्या प्रौढ व्यक्तीने घेतल्यास या औषधावर डॉक्टरांनी देखरेख ठेवण्याची गरज सहसा पडत नाही. यांतील एखादी अट सुटली की गोळी तीच राहते, पण धोका बदलतो. माझ्या मते या औषधांच्या बाबतीत घात करते ती बहुधा एकटी गोळी नव्हे. तिच्या जोडीला पोटात असलेले दुसरे औषध, अंगात आधीपासून असलेला आजार किंवा वेगळ्या नावाच्या वेष्टनातून नकळत घेतलेली तीच गोळी घात करते. म्हणून ‘किती घ्यावी’ या प्रश्नाच्या आधी ‘मी घ्यावी का’ हा प्रश्न येतो.

गोळी शरीरात काय करते

शरीराला इजा झाली की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. सूज, लाली, ताप आणि वेदनेची तीव्रता यांत त्यांचा मोठा हात असतो. ती तयार करणाऱ्या सायक्लोऑक्सिजिनेज या विकराला (एन्झाइमला) ही औषधे अडवतात. ॲस्पिरिनसारख्या औषधांचे हे कार्य जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक दोन सहकारी शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले.

अडचण अशी की हीच रसायने जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवतात आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतही त्यांच्या जातकुळीतील रसायने भाग घेतात. गोळी घोट्यापुरती किंवा दाढेपुरती काम करत नाही; ती रक्तातून सर्वत्र जाते. त्यामुळे आराम आणि अपाय या दोन्ही गोष्टी एकाच क्रियेतून निर्माण होतात, आणि ‘अपाय वगळून नुसता आराम’ देणारी गोळी या गटात नाही.

पहिली पायरी: आपण ही गोळी घेण्याजोगे आहोत का, ते पाहणे

पुढीलपैकी एखादी गोष्ट आपल्याला लागू होत असेल, तर स्वतःच्या निर्णयाने ही गोळी घेऊ नये; आधी डॉक्टरांना किंवा निदान औषधविक्रेत्याला विचारावे.

जठरात वा लहान आतड्याच्या सुरुवातीला पूर्वी कधी अल्सर झालेला असणे किंवा पोटात रक्तस्राव झालेला असणे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वय साठीच्या पुढे गेले की हा धोका आपोआप वाढतो. रोज मद्यपान करणाऱ्यांत तो आणखी वाढतो.

दमा असलेल्या काही व्यक्तींना, विशेषतः नाकात मांसल गाठी असलेल्यांना, ॲस्पिरिनने किंवा या गटातील कोणत्याही गोळीने दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. एका गोळीने असा त्रास झाला असेल, तर नाव बदलून दुसरी गोळी घेणे हा उपाय नव्हे. बहुधा सगळा गटच वर्ज्य करावा लागतो. याउलट, दमा असूनही ज्यांनी ही औषधे पूर्वी विनासायास घेतली आहेत, त्यांनी एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

हृदयविकार, पूर्वी आलेला पक्षाघात, हृदयाची कमजोरी आणि उच्च रक्तदाब यांत विशेष काळजी घ्यावी लागते. ही औषधे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि कमजोर हृदयावर ताण पडतो. शिवाय ॲस्पिरिन वगळता या गटातील औषधांमुळे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो. तो पहिल्या काही आठवड्यांतही उद्भवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अधिक ठळक केला. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या आगेमागे ही औषधे घेऊच नयेत.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर या गोळ्यांपासून दूर राहावे. मूत्रपिंड धडधाकट असले तरी जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हातील श्रमांमुळे शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्या घेऊ नयेत. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावरच टिकून असतो, आणि गोळी नेमका तोच आधार काढून घेते.

गर्भवतींनी ही औषधे स्वतःहून घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यापासून पुढे ती बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात आणि अखेरच्या तिमाहीत बाळाच्या हृदयालगतची, जन्मानंतर मिटायची रक्तवाहिनी अकालीच मिटू शकते. काही विशिष्ट कारणांसाठी डॉक्टर गरोदरपणात कमी मात्रेचे ॲस्पिरिन देतात. ती बाब वेगळी आहे, आणि डॉक्टरांनी दिलेले ते औषध हा लेख वाचून बंद करू नये.

दुसरी पायरी: चालू असलेली औषधे एकत्र मांडून पाहणे

ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबतो. रोज घेत असलेली सर्व औषधे टेबलावर मांडावीत. सवयीमुळे ‘औषध’ या सदरात न धरली जाणारी गोळीही त्यांत असावी. वर्षानुवर्षे चालू असलेली रक्तदाबाची गोळी सांगायची राहून जाणे फार सामान्य आहे.

वॉरफॅरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर दाहशामक गोळीने रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे सोबत असतील, तर अल्सरची शक्यता वाढते. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरील औषधेही या यादीत येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ती रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावतात आणि दोन्ही मिळून पोटातील रक्तस्रावाचा धोका वाढवतात. लिथियम आणि मेथोट्रेक्सेट यांची रक्तातील पातळी या गोळ्यांमुळे वाढून विषबाधेपर्यंत मजल जाऊ शकते.

रक्तदाबाच्या औषधांपैकी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल, तसेच लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन या गटांतील एक गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी, असे दुहेरी उपचार असंख्य लोक घेतात. त्यांत दाहशामक गोळीची भर पडली की तिन्ही औषधे मूत्रपिंडावर तीन बाजूंनी ताण आणतात आणि काही दिवसांत मूत्रपिंडाचे काम अचानक खालावू शकते. अनेकदा या दोन्ही औषधांची सांगड एकाच गोळीत घातलेली असते, त्यामुळे ‘मी तर एकच गोळी घेतो’ हे उत्तर पुरेसे नसते. त्या गोळीवरील सर्व घटक वाचावे लागतात.

हृदयासाठी रोज कमी मात्रेचे ॲस्पिरिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. आयबुप्रोफेन आधी पोटात गेले तर ते रक्तबिंबिकांवरील ॲस्पिरिनची जागा अडवून बसते आणि ॲस्पिरिनचे संरक्षण कमी होते. अधूनमधून आयबुप्रोफेन घेण्याची वेळ आलीच, तर ते साध्या, आवरण नसलेल्या ॲस्पिरिननंतर किमान ३० मिनिटांनी किंवा त्याच्या ८ तासांहून अधिक आधी घ्यावे, असा सल्ला दिला जातो. रोजच घ्यावे लागत असेल, तर डॉक्टरांशी बोलणे टाळू नये.

तिसरी पायरी: वेष्टनावरील मोठे नाव सोडून छोटी अक्षरे वाचणे

वेष्टनाच्या दर्शनी बाजूला व्यापारी नाव असते. आपल्याला हवे आहे ते मागच्या बाजूचे किंवा नावाखालचे घटकाचे नाव आणि प्रत्येक गोळीतील मिलिग्रॅम. एकच घटक अनेक व्यापारी नावांनी विकला जातो आणि एकाच व्यापारी नावाखाली वेगवेगळे घटकही विकले जातात. ‘अमुक प्लस’, ‘अमुक कोल्ड’, ‘अमुक फोर्ट’ या तिघांत निरनिराळी औषधे असू शकतात. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांत आयबुप्रोफेन, पाण्यात विरघळणाऱ्या काही गोळ्यांत ॲस्पिरिन, तर काही गोळ्यांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात.

समजा, एखादी व्यक्ती पाठदुखीसाठी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिवसातून तीन वेळा घेत आहे. एकूण १२०० मिलिग्रॅम झाले, म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायची दिवसाची मर्यादा गाठली गेली. त्यातच सर्दी झाली म्हणून तिने प्रत्येकी २०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असलेली सर्दीची गोळी दिवसातून तीनदा सुरू केली, तर बेरीज १८०० होते. तिच्या लेखी मात्र तिने दोन वेगळ्या तक्रारींसाठी दोन वेगळी औषधे घेतलेली असतात आणि दोन्ही वेष्टनांवरील सूचना तंतोतंत पाळलेल्या असतात.

या गटातील दोन निरनिराळी औषधे, उदाहरणार्थ आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन, एकत्र घेण्यानेही आराम दुप्पट होत नाही. अपाय मात्र वाढतो. एका गोळीने भागत नसेल तर प्रौढ व्यक्तीला जोडीला पॅरासिटामॉल, त्याची स्वतंत्र मर्यादा सांभाळून, घेता येते.

चौथी पायरी: मात्रा आणि वेळ

प्रौढांसाठी आयबुप्रोफेनची चिठ्ठीशिवायची मात्रा एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत १२०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. नॅप्रोक्सेन सोडियमची २२० मिलिग्रॅमची गोळी ८ ते १२ तासांनी घेतली जाते आणि तिची २४ तासांची मर्यादा ६६० मिलिग्रॅम आहे. नॅप्रोक्सेन शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकते, म्हणून ते आयबुप्रोफेनच्या वेळापत्रकाने घेणे चुकीचे ठरते. आपल्या हातातील वेष्टनावर याहून कमी मर्यादा छापलेली असेल, तर तीच पाळावी.

सुरुवात सर्वांत कमी मात्रेने करावी. आयबुप्रोफेनचा परिणाम साधारण अर्ध्या तासानंतर जाणवू लागतो आणि एक ते दोन तासांत तो भरात येतो. वीस मिनिटांत दुखणे थांबले नाही म्हणून दुसरी गोळी घेणे हा अधीरपणा आहे. मात्रा वाढवत नेल्याने आरामही त्याच प्रमाणात वाढत जातो, असेही नाही. एका वेळच्या ४०० मिलिग्रॅमनंतर साध्या वेदनेवरील परिणामात फारशी भर पडत नाही. कितव्या वाजता कोणती गोळी घेतली, ते कागदावर किंवा फोनमध्ये टिपून ठेवावे. दुखण्याच्या भरात, विशेषतः रात्री जाग आल्यावर, मागची गोळी केव्हा घेतली याचा अंदाज हमखास चुकतो.

पाळीच्या वेदनांत वेळेचे महत्त्व सर्वाधिक असते. गर्भाशयाला आवळणाऱ्या कळा प्रोस्टाग्लँडिनमुळेच येतात आणि गोळी त्यांची निर्मिती थांबवते. आधी तयार झालेल्यांवर तिचा इलाज चालत नाही. म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेण्यापेक्षा स्राव सुरू होताच किंवा दुखण्याची पहिली चाहूल लागताच घेतलेली गोळी अधिक गुणकारी ठरते, आणि पुढील एक-दोन दिवस ती ठरावीक अंतराने, मर्यादेत राहून घेता येते. ‘होता होईल तो सोसावे’ हा सल्ला येथे औषधशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचा आहे.

पाचवी पायरी: गोळी घेणे

गोळी पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. घोटभर पाण्याने घेतलेली गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते. आवरण असलेल्या किंवा दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या फोडून अथवा चावून घेऊ नयेत.

‘काहीतरी खाऊन मग गोळी घ्या’ हा सल्ला योग्य आहे. त्याने मळमळ आणि पोटातील जळजळ कमी होते. पण त्यावर जितका विश्वास टाकला जातो, तितका तो पेलू शकत नाही. अल्सर होण्याचे मुख्य कारण गोळीचा जठराला होणारा स्पर्श नसून, रक्तातून पोहोचलेल्या औषधाने अस्तराचे संरक्षण काढून घेणे हे आहे. त्यामुळे भरल्या पोटी घेतलेली, आवरण असलेली, एवढेच काय, गुदद्वारावाटे घेतलेली गोळीदेखील अल्सर करू शकते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे गोळी वेदनाशामक असल्यामुळे अल्सरची वेदनाही झाकली जाऊ शकते. काही जणांत पहिले लक्षण थेट रक्तस्राव हेच असते. पोट दुखत नाही म्हणजे पोट ठीक आहे, असे गृहीत धरू नये. धोका असूनही गोळी घेणे अटळ असेल, तर डॉक्टर आम्लाची निर्मिती कमी करणारे औषध सोबत देतात. तो निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

किती दिवस

वेदनेसाठी जास्तीत जास्त १० दिवस आणि तापासाठी ३ दिवस ही चिठ्ठीशिवायच्या वापराची सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे. काही देशांतील वेष्टनांवर ती याहून कमी असते. ही मर्यादा गाठायचे लक्ष्य नव्हे. दोन दिवसांत दुखणे थांबले, तर तिसऱ्या दिवशी गोळी नको.

वारंवार डोके दुखणाऱ्यांनी महिन्याचा हिशेब ठेवावा. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली गेली, तर औषधाच्या अतिवापरामुळेच डोकेदुखी जडू शकते आणि तिच्यासाठी पुन्हा गोळी घेतली जाते. हे चक्र गोळी बदलून तुटत नाही.

डेंग्यूची शक्यता असलेल्या तापात आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन व या गटातील इतर औषधे घेऊ नयेत, कारण त्या आजारात रक्तबिंबिका आधीच घटतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. नियोजित शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर ही गोळी घेत असल्याचे तेथे आधी सांगावे.

जेलचा पर्याय

दुखणे गुडघा, मनगट, घोटा अशा एखाद्या ठिकाणापुरते असेल, तर मला गोळीपेक्षा जेल आधी वापरून पाहणे शहाणपणाचे वाटते. डायक्लोफेनॅक जेल गुडघ्याला लावल्यावर रक्तात पोहोचणारे औषध तोंडावाटे घेतलेल्या गोळीच्या तुलनेत फारच थोडे, साधारण ६ टक्के असते. ते जखमेवर किंवा पुरळ आलेल्या त्वचेवर लावू नये, त्यावर घट्ट पट्टी बांधू नये किंवा शेक देऊ नये, आणि लावल्यानंतर हात धुवावेत. अर्थात हातालाच लावले असेल तर लगेच धुवून उपयोग नाही. केटोप्रोफेनचे जेल लावलेल्या जागी ऊन लागल्यास त्वचेवर तीव्र परिणाम होऊ शकतो, म्हणून तो भाग झाकावा. जेल आणि गोळी दोन्ही एकाच वेळी, विचारल्याशिवाय, वापरू नयेत.

मुलांच्या बाबतीत

मुलांना आणि किशोरवयीनांना ॲस्पिरिन देऊ नये. फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या विषाणुजन्य आजारात त्यामुळे राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा दुर्मीळ पण प्राणघातक आजार होऊ शकतो. कांजिण्या असताना आयबुप्रोफेनही टाळावे. सहा महिन्यांखालील बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊच नये. मोठ्या मुलांची मात्रा वजनावरून ठरते आणि ती औषधासोबत मिळालेल्या मापानेच मोजावी, घरातल्या चमच्याने नव्हे. तान्ह्या बाळांचे थेंब आणि मोठ्या मुलांचे सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असू शकते, त्यामुळे एकाचे माप दुसऱ्याला वापरल्यास मात्रा सहज दुप्पट होते.

गोळी थांबवून तातडीने मदत केव्हा घ्यावी

डांबरासारखी काळी, चिकट शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण, अचानक सुरू झालेली तीव्र पोटदुखी. छातीत दुखणे, धाप लागणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे, बोलताना जीभ अडखळणे. चेहरा किंवा ओठ सुजणे, छातीत घरघर होणे, त्वचेवर फोड येणे किंवा तोंडात सालपटे निघणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे. लघवी खूप कमी होणे, पाय सुजणे किंवा एक-दोन दिवसांत वजन वाढणे ही लक्षणे इतकी ठळक नसतात, पण त्यांच्यासाठीही त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर लक्षणांची वाट पाहू नये आणि स्वतःहून उलटी करण्याचा प्रयत्न करू नये. रुग्णालयात जाताना वेष्टन आणि उरलेल्या गोळ्या सोबत न्याव्यात, म्हणजे कोणते औषध, किती मिलिग्रॅमचे आणि किती गोळ्या पोटात गेल्या, हे तेथील डॉक्टरांना लगेच कळेल.